रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारा गणितज्ञ: जॉन पोपल आणि कॉम्प्युटरमधले रेणू

पाण्याच्या रेणूत मध्ये ऑक्सिजनचा अणू असतो आणि त्याला हायड्रोजनचे दोन अणू जोडलेले असतात. हे तिघं सरळ रेषेत नसतात. त्यांच्यातला कोन १०४.५ अंशांचा भरतो. हा आकडा प्रयोगातून मोजलेला आहे. समजा, तो कोणी मोजलाच नसता. ऑक्सिजनच्या केंद्रकावर ८ एकक धन प्रभार, प्रत्येक हायड्रोजनच्या केंद्रकावर १, आणि भोवती एकूण १० इलेक्ट्रॉन, एवढीच माहिती हाताशी असती, तर नुसतं गणित करून हा कोन काढता आला असता का?

तत्त्वतः आला असता. त्यासाठी लागणारं समीकरण १९२६ मध्ये श्रोडिंगर यांनी मांडलं होतं. तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, पॉल डिरॅक यांनी लिहून टाकलं की रसायनशास्त्र समजायला लागणारे मूलभूत नियम आता पूर्ण माहीत झालेले आहेत; अडचण इतकीच की त्यातून निघणारी समीकरणं सुटण्यापलीकडची किचकट आहेत. या ‘इतकीच’मध्ये पुढची पन्नास-साठ वर्षं गेली.

अडचण येते ती इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो, तिथे समीकरण हाताने नेमकं सुटतं. हेलियममध्ये दोन आले की संपलं. पहिला इलेक्ट्रॉन कुठे आहे ते दुसऱ्यावर अवलंबून आणि दुसरा कुठे आहे ते पहिल्यावर. पाण्यात दहा इलेक्ट्रॉन, प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे, म्हणजे तीस चलांचं एकच समीकरण, आणि त्यातल्या कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांना एकमेकांपासून सुटं काढता येत नाही.

हे गणित सर्वसामान्य रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर आणून ठेवण्याचं सर्वांत मोठं श्रेय ज्या माणसाकडे जातं, तो माणूस शिक्षणाने गणितज्ञ होता आणि शेवटपर्यंत स्वतःला रसायनशास्त्रज्ञापेक्षा गणितज्ञच समजत राहिला. त्याचं नाव जॉन पोपल.

पोपल यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२५ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यातल्या बर्नहॅम-ऑन-सी या समुद्रकाठच्या छोट्या गावात. वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. शिक्षण ब्रिस्टल ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे रोजचा रेल्वेप्रवास, तोही युद्धाच्या काळात. बाराव्या वर्षी त्यांना गणिताने झपाटलं. वर्गात एकसामयिक समीकरणं सुरू झाली तर यांनी बीजगणिताचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत संपवलं. मग कोणीतरी कचऱ्याच्या टोपलीत टाकलेलं कॅल्क्युलसचं पुस्तक हाती लागलं, तेही अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. काही वस्तूंमधून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतात, याचं सूत्र त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलं. ते शेकडो वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

याच्यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. हे सगळं त्यांनी घरी-दारी कोणालाच सांगितलं नाही. आपण फार हुशार दिसू नये म्हणून शाळेच्या गृहपाठात ते मुद्दाम चुका घालत. हा लपंडाव काही वर्षं चालला. शेवटी गणिताच्या नव्या शिक्षकांनी एक अवघड चाचणी दिली आणि पोपल यांना राहवलं नाही. सगळे प्रश्न बिनचूक सोडवून, वर बऱ्याच प्रश्नांची एकाहून अधिक उत्तरं लिहून त्यांनी पेपर दिला. त्यानंतर शाळेने त्यांना केंब्रिजच्या शिष्यवृत्तीच्या तयारीला बसवलं. १९४३ मध्ये ते ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले.

१९४५ ते १९४७ अशी दोन वर्षं त्यांनी ब्रिस्टलच्या विमान कंपनीत नोकरी केली आणि पुन्हा केंब्रिज गाठलं. गणितात पुढे काय करायचं याचा शोध घेताना ते सर जॉन लेनर्ड-जोन्स यांच्याकडे पोहोचले. लेनर्ड-जोन्स सैद्धांतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पोपल यांनी १९५१ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली ती पाण्याच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉन जोड्यांवर. त्याच सुमारास ते पियानो शिकायला जात होते. १९५२ मध्ये त्यांनी पियानोच्या शिक्षिकेशी, जॉय बॉवर्स यांच्याशी, लग्न केलं.

याच काळात, सत्ताविशीच्या आसपास, त्यांनी आयुष्यभराचं काम ठरवून टाकलं: सगळ्या रसायनशास्त्राला लागू पडेल असं एक गणिती प्रारूप बनवायचं. एका रेणूसाठी एक युक्ती, दुसऱ्यासाठी दुसरी, असं नाही. पद्धत एकदा ठरवायची आणि मग समोर येईल तो रेणू तिच्यातून काढायचा. हे ठरवलं तेव्हा हाताशी होती ती टेबलावरची यांत्रिक गणनयंत्रं.

या पद्धतीच्या पोटात काय चालतं ते इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण पोपल यांची सगळी कारकीर्द त्याच्याशी बांधलेली आहे.

इलेक्ट्रॉनांच्या गुंत्यावरचा पहिला उपाय हार्ट्री आणि फॉक यांनी १९२८ ते १९३० दरम्यान दिला होता. प्रत्येक इलेक्ट्रॉनने बाकीच्या नऊ जणांकडे सुटं-सुटं पाहायचं नाही. त्यांचा मिळून जो सरासरी ढग तयार होतो तेवढाच पाहायचा. तीस चलांचं समीकरण फुटून एकेका इलेक्ट्रॉनची समीकरणं होतात. ढग कसा आहे ते आधी अंदाजाने धरायचं, समीकरणं सोडवायची, नवा ढग मिळतो, तो घेऊन पुन्हा सोडवायची, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हे करत राहायचं.

पण रेणूत एका इलेक्ट्रॉनचं समीकरण तरी कसं सोडवायचं? तिथे दुसरी युक्ती येते. इलेक्ट्रॉनचा विस्तार रेणूभर पसरलेला असतो, तो आपण काही ओळखीच्या फंक्शनांच्या बेरजेने लिहायचा. प्रत्येक अणूवर ठरावीक फंक्शनं बसवायची आणि कोणाचा वाटा किती, एवढंच कॉम्प्युटरने शोधायचं. या फंक्शनांच्या ठरलेल्या गटाला बेसिस सेट म्हणतात. १९५१ मध्ये रूथान आणि हॉल यांनी स्वतंत्रपणे या कल्पनेला व्यवस्थित गणिती रूप दिलं.

पाण्यासाठी कमीत कमी सात फंक्शनं लागतात: ऑक्सिजनवर पाच, प्रत्येक हायड्रोजनवर एक. सात म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण मोजायला दर वेळी चार फंक्शनं एकत्र घेऊन एक इंटिग्रल, म्हणजे सगळ्या जागेवर पसरलेली बेरीज, काढावा लागतो. सात फंक्शनांतून असे वेगवेगळे ४०६ इंटिग्रल निघतात. बेंझीन घेतलं, सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन, तर फंक्शनं होतात ३६ आणि इंटिग्रल २,२२,१११. फंक्शनं पाचपट झाली, काम साडेपाचशे पट. हे हाताने कोण करणार?

पोपल यांची पहिली दोन दशकं या इंटिग्रलांना चुकवण्यात गेली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. १९५३ मध्ये त्यांनी बेंझीनसारख्या सपाट रेणूंसाठी एक पद्धत दिली. रंग आणि वर्णपट ठरवणारे इलेक्ट्रॉन तेवढेच हिशेबात घ्यायचे, त्यांच्यातलेही बहुतेक इंटिग्रल शून्य धरायचे आणि उरलेल्यांच्या किमती प्रयोगातून घ्यायच्या. अमेरिकेत पॅरिसर आणि पार यांनीही नेमकं असंच काहीतरी केलं होतं, म्हणून ही पद्धत आजही तिघांच्या आद्याक्षरांनी पीपीपी म्हणून ओळखली जाते. १९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत हाच विचार रेणूतल्या सगळ्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपर्यंत नेला. ती सीएनडीओ.

मधल्या काळात नोकरीची गाडी वेगळ्याच रुळांवर होती. १९५४ पासून ते केंब्रिजला गणिताचे व्याख्याते होते. म्हणजे शिकवायचे गणित, संशोधन करायचे रसायनाचं. ही ओढाताण त्यांना मानवली नाही. १९५८ मध्ये ते लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एका विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तिथे प्रशासनाची कामं मानगुटीवर बसली. दरम्यान एनएमआर या, चुंबकीय क्षेत्रातल्या केंद्रकांवरून रेणूची रचना ओळखणाऱ्या आणि त्या वेळी नव्या असलेल्या तंत्राच्या सिद्धांतावर त्यांनी इतकं काम केलं की तेवढ्यावरही एखाद्याचं नाव झालं असतं. एनएमआरच्या वर्णपटातल्या केंद्रकांच्या गटांना एबी, एएक्स अशी अक्षरं द्यायची पद्धत आज बी.एस्सी.चा विद्यार्थी शिकतो, ती पोपल यांची.

१९६४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, ते बायको-मुलांसह अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आले. तीन वर्षांनी हीच संस्था कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली. ब्रिटिश नागरिकत्व त्यांनी कधी सोडलं नाही. पण रसायनशास्त्रातलं त्यांचं खरं पर्व इथे सुरू झालं, आणि ते सुरू झालं स्वतःचीच जुनी वाट सोडून.

साठच्या दशकात कॉम्प्युटर झपाट्याने वेगवान होत होते. इंटिग्रल गाळण्याच्या पद्धतीत एक खोट होती: प्रयोगातले आकडे आत घुसवल्यामुळे उत्तर बरोबर आलं तर ते सिद्धांतामुळे आलं की त्या आकड्यांमुळे, हे सांगता येत नसे. पोपल यांनी ठरवलं, आता एकही इंटिग्रल गाळायचा नाही. केंद्रकांचे प्रभार, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि निसर्गाचे स्थिरांक, यापलीकडे बाहेरून काही घ्यायचं नाही.

यात त्यांना उपयोगी पडली केंब्रिजच्या फ्रान्सिस बॉइज यांची १९५० मधली एक कल्पना. अणूवर बसवायची नैसर्गिक फंक्शनं म्हणजे स्लेटर यांच्या नावाची: केंद्रकापाशी टोकदार, आणि दूर जाताना हळूहळू उतरणारी. निसर्गाच्या ती जवळ जातात, पण रेणूत त्यांचे इंटिग्रल काढणं म्हणजे डोकेदुखी. गाऊस यांच्या घंटेसारख्या वक्राचं तसं नाही. तो केंद्रकापाशी बोथट आहे आणि दूर फार लवकर शून्याला टेकतो, म्हणजे दोन्ही टोकांना चुकीचा. पण त्याच्यात एक विलक्षण गुण आहे. दोन वेगळ्या अणूंवर बसलेले दोन गाऊसियन एकमेकांनी गुणले, की उत्तर पुन्हा एकच गाऊसियन येतं, दोघांच्या मधल्या कुठल्यातरी बिंदूवर बसलेलं. चार अणूंवर पसरलेला इंटिग्रल एका फटक्यात दोन बिंदूंचा होतो आणि सरळ सूत्राने सुटतो.

आकार चुकीचा, पण हिशेब सोपा. मग एकाच्या जागी तीन गाऊसियन घ्या, एक अरुंद, एक मध्यम, एक रुंद, आणि त्यांची बेरीज स्लेटरच्या वक्राला जमेल तितकी जुळवून ठेवा. १९६९ मध्ये हेहरे, स्ट्युअर्ट आणि पोपल यांनी नेमकं हेच केलं. त्या बेसिस सेटचं नाव एसटीओ-३जी. आता प्रत्येक इंटिग्रलच्या आत ८१ छोटे इंटिग्रल आले, म्हणजे बेंझीनसाठी जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख. तरीही हे परवडत होतं, कारण ते छोटे इंटिग्रल झटपट निघत होते. पोपल आणि हेहरे यांनी हिशेबाची मांडणीही अशी केली की एकदा काढलेली मधली राशी जिथे जिथे लागेल तिथे पुन्हा वापरता यावी. गणितज्ञ असण्याचा फायदा होतो तो असा.

हे सगळं ज्या प्रोग्रॅममध्ये बसवलं त्याचं नाव गाऊसियन-७०. आणि इथे पोपल यांनी केलेली गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही सूत्राइतकीच महत्त्वाची वाटते: त्यांनी तो प्रोग्रॅम वाटला. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून क्वांटम रसायनशास्त्राचे प्रोग्रॅम अदलाबदलीने देणारी एक संस्था चालत होती, तिच्यामार्फत गाऊसियन-७० जगभरातल्या संशोधकांपर्यंत गेला. तोपर्यंत अशी गणितं करायची तर आधी स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा लागे आणि त्यात वर्षं जात. आता सेंद्रिय रसायनशास्त्राचा माणूस, ज्याला इंटिग्रलशी काही देणंघेणं नाही, तोही आपल्या रेणूचे अणू टाइप करून उत्तर मिळवू शकत होता.

उत्तर मिळवता येणं आणि त्यावर विश्वास ठेवता येणं यांत मात्र बरंच अंतर आहे. त्या काळी प्रयोग करणाऱ्यांना या गणितांचा फारसा भरवसा नव्हता, आणि ते स्वाभाविकच होतं. आकडा जुळेपर्यंत पद्धत बदलत राहिलं की कुठलाही आकडा जुळवता येतो. एक प्रसंग मात्र उलटा घडला. मिथिलीन, म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन, हा रेणू त्याच्या सर्वांत स्थिर अवस्थेत सरळ रेषेत आहे, असं वर्णपटतज्ज्ञ गेरहार्ड हर्झबर्ग यांचं म्हणणं होतं. १९७० मध्ये बेंडर आणि शेफर यांनी गणिताने सांगितलं की तो चांगलाच वाकलेला आहे, सुमारे १३५ अंशांत. नव्या प्रयोगांनी गणिताची बाजू घेतली आणि हर्झबर्ग यांनीही ती मान्य केली. हे काम पोपल यांचं नव्हे, पण त्यानंतर वारं फिरलं.

पोपल यांचं उत्तर वेगळ्या धाटणीचं होतं. ते म्हणत, आधी पद्धत पूर्ण नक्की करा: कुठला बेसिस सेट, इलेक्ट्रॉनांचं प्रतिकर्षण किती बारकाईने धरायचं, सगळं. एकदा ठरलं की रेणू पाहून त्यात बोट घालायचं नाही. मग ज्यांची उत्तरं प्रयोगाने पक्की माहीत आहेत अशा खूप रेणूंवर ती चालवा आणि सरासरी चूक किती होते ते जाहीर करा. ती चूक कळली की जिथे प्रयोग झालेला नाही तिथे भाकीत करायचा अधिकार तुम्हाला मिळाला. अशा बांधलेल्या पद्धतीला ते मॉडेल केमिस्ट्री म्हणत.

पाण्यावर हे करून पाहू. हार्ट्री-फॉक पद्धत आणि एसटीओ-३जी घेतलं तर कोन येतो १००.० अंश. साडेचार अंशांची चूक. आता बेसिस सेट सुधारू. पोपल यांच्या गटाने सत्तरच्या दशकात ६-३१जी* नावाचा सेट बनवला. नाव पासवर्डसारखं दिसतं, पण वाचायला सोपं आहे. आतल्या, बंधात भाग न घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांसाठी सहा गाऊसियन मिळून एक फंक्शन. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांसाठी एकाऐवजी दोन फंक्शनं, एक तीन गाऊसियनचं आणि एक एकट्याचं रुंद, म्हणजे अणूला गरजेप्रमाणे आकसता-पसरता येतं. शेवटचा तारा म्हणजे हायड्रोजन-हेलियम सोडून बाकीच्या अणूंवर जादा आकाराची फंक्शनं, इलेक्ट्रॉनांचा ढग एका बाजूला झुकता यावा म्हणून. पाण्यातली फंक्शनं सातावरून १९ वर गेली आणि इंटिग्रल ४०६ वरून १८,१४५ वर. कोन आला १०५.५ अंश.

एका अंशाची चूक म्हणजे छानच. पण पद्धत तर अजून सरासरी ढगाचीच आहे, आणि खरा पेच तिथे आहे. गर्दीच्या रस्त्यावर चालणारा माणूस सरासरी गर्दी पाहून चालत नाही, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला अंग चोरून वाट देतो. इलेक्ट्रॉनही एकमेकांना असंच टाळतात, आणि त्यामुळे रेणूची ऊर्जा थोडी खाली येते. हार्ट्री-फॉकमध्ये हे टाळणं नाही.

‘थोडी’ म्हणजे किती? पाण्याच्या रेणूतले सगळे इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं पूर्ण सुटी करायला सुमारे ४८,००० किलोकॅलरी प्रति मोल लागतील. हार्ट्री-फॉक पद्धत त्यातल्या साधारण २३० हुकवते, म्हणजे अर्धा टक्का. कुठल्याही परीक्षेत साडेनव्याण्णव टक्के चालतील, पण इथे नाही. पाण्यातला एक ओ-एच बंध तोडायलाच सुमारे ११९ किलोकॅलरी लागतात. हुकलेला अर्धा टक्का दोन बंधांइतका आहे! फ्लोरिनच्या रेणूत तर हार्ट्री-फॉक सरळ सांगते की दोन फ्लोरिन अणू एकत्र राहण्यापेक्षा वेगळेच बरे. म्हणजे बाटलीत भरून ठेवता येणारा वायू या पद्धतीच्या मते अस्तित्वातच नको.

१९७० नंतरची पोपल यांची बरीच वर्षं या अर्ध्या टक्क्यामागे गेली. त्यांनी मोलर आणि प्लेसेट यांची १९३४ मधली, जवळपास विस्मृतीत गेलेली दुरुस्तीची पद्धत उचलली आणि कॉम्प्युटरला झेपेल अशी केली. एमपी२ या नावाने ती आज सर्रास वापरली जाते. पाण्याचा कोन ती १०४.० अंश देते. याच काळात त्यांनी एक अट लावून धरली, जी ऐकायला अगदी साधी आहे: एकमेकांपासून खूप दूर असलेल्या दोन रेणूंची मिळून ऊर्जा त्यांच्या सुट्या ऊर्जांच्या बेरजेइतकीच यायला हवी. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण त्या वेळी प्रतिष्ठित असलेल्या एका पद्धतीला हे जमत नव्हतं. एकटा रेणू ती चांगला सोडवायची, पण रेणू मोठा होत गेला की तिची चूक वाढत जायची, म्हणजे लहान आणि मोठ्या रेणूची तुलनाच करता येत नसे. १९७६ मध्ये पोपल, बिंकली आणि सीगर यांनी ही अट स्पष्ट मांडली, आणि आज जी पद्धत ती पाळत नाही तिला सामान्य रसायनशास्त्रात फारसं कोणी विचारत नाही.

१९८९ मध्ये राघवाचारी, ट्रक्स, पोपल आणि हेड-गॉर्डन यांनी इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना टाळणं आणखी बारकाईने धरणारी सीसीएसडी(टी) नावाची पद्धत दिली. यातले कृष्णन राघवाचारी हे पोपल यांचेच पीएच.डी.चे विद्यार्थी. ही पद्धत आज या क्षेत्रातलं सोनं मानली जाते, बाकीच्या पद्धती तिच्यावर घासून पाहतात. भाव मात्र सोन्याचाच आहे: रेणू दुप्पट केला की काम १२८ पट.

त्याच वर्षी सुरू झालेल्या जी१, जी२, जी३ या मालिकेत पोपल यांनी आपलं मूळ स्वप्न जवळजवळ हिशेबात उतरवलं. महागडी पद्धत लहान बेसिस सेटवर, स्वस्त पद्धत मोठ्या बेसिस सेटवर चालवायची, आणि त्यांच्या फरकांची बेरीज-वजाबाकी करून महागडी पद्धत मोठ्या सेटवर काय देईल याचा अंदाज बांधायचा. १९९१ मधली जी२ पद्धत प्रयोगाने पक्क्या असलेल्या १२५ ऊर्जांवर तपासली गेली. सरासरी चूक निघाली १.२१ किलोकॅलरी प्रति मोल. या आकड्याचं महत्त्व असं, की खोलीच्या तपमानाला सुमारे १.४ किलोकॅलरीच्या फरकाने अभिक्रियेचा वेग दहापट बदलतो. त्याहून मोठी चूक करणारी पद्धत रसायनशास्त्रज्ञाला ‘होईल की नाही’ हे सांगू शकत नाही.

आणि मग या इमारतीच्या शेजारी दुसरीच इमारत उभी राहिली. १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोन यांनी होहेनबर्ग आणि शॅम यांच्यासोबत दाखवलं होतं की तीस चलांच्या भानगडीत पडायची तत्त्वतः गरज नाही. इलेक्ट्रॉनांची घनता कुठे किती, हे नेमकं कळलं तरी ऊर्जा ठरते, आणि घनतेला तीनच चलं लागतात, इलेक्ट्रॉन दहा असोत की हजार. गोम इतकीच की घनतेवरून ऊर्जा काढायचं अचूक सूत्र कोणालाच माहीत नाही, त्याची अंदाजे रूपं वापरावी लागतात. या डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) पद्धतीकडे रसायनशास्त्रज्ञ बराच काळ संशयाने पाहत होते, कारण ती टप्प्याटप्प्याने सुधारत नेण्याचा ठरलेला रस्ता तिच्यात नाही. पोपल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला आपलीच कसोटी लावली: त्याच प्रकारचे बेसिस सेट, माहीत असलेल्या रेणूंची तशीच यादी, सरासरी चूक किती ते पाहा. जॉन्सन आणि गिल यांच्यासोबतचा त्यांचा १९९३ मधला अभ्यास यातलाच. आयुष्यभर ज्या रस्त्यावर चाललो त्याचा प्रतिस्पर्धी बरा निघतोय, हे आकडे दाखवत असताना त्यांनी ते आकडे छापले. मोठ्या माणसांना हे नेहमी जमतंच असं नाही.

१९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल कोन आणि पोपल यांना अर्धं-अर्धं मिळालं. कोन भौतिकशास्त्रज्ञ, पोपल गणितज्ञ. तोवर पोपल शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक होते. १९९२ मध्ये वुल्फ पारितोषिक मिळालं होतं, २००३ मध्ये ब्रिटनने ‘सर’ केलं. १५ मार्च २००४ रोजी शिकागोत यकृताच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

गाऊसियनच्या वाट्याला आलेली नंतरची गोष्ट तितकी गोड नाही. १९८७ मध्ये हा प्रोग्रॅम एका कंपनीकडे गेला. १९९१ मध्ये पोपल त्यापासून वेगळे झाले आणि पुढे क्यू-केम या प्रतिस्पर्धी प्रोग्रॅमच्या कामात सामील झाले. पुढे अनेक नामवंत संशोधकांना गाऊसियन वापरायला बंदी झाली, आणि त्यांत खुद्द पोपल होते. कंपनीची बाजू अशी की स्पर्धकांना आपला माल का द्यावा. व्यवहार म्हणून हे समजू शकतं. पण सुरुवातीला अदलाबदलीने वाटून ज्याचं नाव झालं, त्या प्रोग्रॅमच्या बाबतीत हे व्हावं, हे या क्षेत्रातल्या लोकांना लागलं, आणि त्यावर बरंच रणही माजलं.

आज सेंद्रिय किंवा औषधी रसायनावरचा कुठलाही शोधनिबंध उघडला तर त्यात ‘बी३एलवायपी/६-३१जी*’ असं काहीतरी लिहिलेलं सापडण्याची शक्यता बरीच आहे. तिरप्या रेघेच्या डावीकडे पद्धत, म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात ते किती आणि कसं धरलं. उजवीकडे बेसिस सेट, म्हणजे ढगाला आकार घ्यायला किती मोकळीक दिली. पोपल हे दोन अक्षांवर मांडत. एका अक्षावर पद्धत सुधारत जायची, दुसऱ्यावर बेसिस सेट मोठा होत जायचा, आणि दोन्हींच्या टोकाच्या कोपऱ्यात श्रोडिंगर समीकरणाचं नेमकं उत्तर. आपलं गणित या तक्त्यात कुठे बसलंय ते त्या एका ओळीत कळतं.

वर दिलेल्या जोडीत डावी बाजू डीएफटीची, म्हणजे कोन यांच्या वाटेची, आणि उजवी पोपल यांची. ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की अनेक जण ती का निवडली हे सांगूच शकत नाहीत. आधीच्या निबंधात होती म्हणून आपल्याही निबंधात. ऋण आयनांचा, सैल बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचा किंवा नुसत्या हलक्या आकर्षणाने जवळ आलेल्या रेणूंचा प्रश्न असेल तर ती सपशेल फसू शकते, आणि प्रोग्रॅम तक्रार न करता आठ दशांश स्थळांपर्यंत उत्तर छापून देतो. म्हणून असा निबंध वाचताना ती ओळ सापडली की लगेच पुढे शोधायचं: यांच्या रेणूसारख्या रेणूंवर ही जोडी तपासली होती का, आणि तिथे सरासरी चूक किती आली होती.